मृगातला तेजोमेघ

आम्ही नोएडात राहायला गेलो तेव्हा सेक्टरांना नंबर मिळाले होते, रस्त्यांना दिवे यायचे होते. घरोघरी केबल टीव्ही लागत होता. खालच्या मजल्यावरच्या बाई मात्र दिल्लीतल्या सरकारी ऑफिसातून आल्या की बाल्कनीत एका पिंपाभोवती गोल फिरत काच घासायच्या. दुर्बिणीचा आरसा त्या हाताने घडवत होत्या. बोलणं हळू, आणि दर वाक्याआधी "अच्छा, ऐका".

वर्षभर खपल्यावर शेवटच्या पॉलिशच्या वेळी आरशावर खोल चरा उठला. बाईंचे यजमान म्हणाले, "आता सरळ तयार आरसा मागवू."

"अच्छा, ऐका. मला माझ्याच आरशातून बघायचंय," बाई म्हणाल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी नवी काच घेऊन घासायच्या सगळ्यात जाड पावडरीपासून पुन्हा सुरुवात केली.

पुढच्या हिवाळ्यात, जेवणाआधी, त्यांनी आम्हाला गच्चीवर बोलावलं. तयार झालेल्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रात चार बारीक तारे दिसले आणि त्यांच्याभोवती पसरलेला हिरवट उजेड.

"काकू, हा धुआँ आहे?" माझ्या मुलीने विचारलं.

"अच्छा, ऐक. तो वायू आहे. तिथला मोठा तारा इतका तापलाय, की त्याच्या किरणांनी अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते तिथल्या ऑक्सिजनवर आदळले, की वायू असा हिरवट उजळतो."

बातमी पसरली आणि जिन्यात रांग लागली. यजमानांची पाळी आली, तसे ते दुर्बिणीला डोळा लावून उभेच राहिले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, सरका आता. मागे अख्खा ब्लॉक उभा आहे."