धन्यकुमारची आवक-जावक

धन्यकुमार आमच्या कचेरीसमोरच्या बाकावर वही घेऊन येऊन बसला, तेव्हा देशात आणीबाणी चालू होती. हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मांडीवर वही, हातात दोन पेन्सिली. कुणी कचेरीत शिरलं की निळी रेघ, बाहेर पडलं की लाल. पहिल्या दिवशी लोक त्याच्याकडे बघत बघत आत गेले. दुसऱ्या दिवशी बातमी फुटली, की नसबंदीसाठी नावं लिहून नेणारा माणूस आला आहे. तिसऱ्या दिवशी गावातले झाडून सगळे बाप्ये मागच्या कुंपणावरून उड्या मारून कचेरीत यायला लागले. एरवी अकराच्या आत न दिसणारे आमचे साहेब त्या दिवशी साडेनऊलाच खुर्चीत! त्यांना तो मुंबईचा सीआयडी वाटला होता.

मी त्या कचेरीत आवक-जावक बाबू होतो. कचेरीचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. तिथले काही लोक अजून आहेत आणि त्यांना चिडायला फार लागत नाही. कारंजा आणि मानोरा यांच्या मधलं एक गाव म्हणा. आज वाशीम जिल्हा, तेव्हा अकोला. माझं काम एका ओळीत मावणारं होतं, आणि खरोखरच एका ओळीत मावायचं. कागद आला की वहीत डावीकडे आवक नंबर आणि काय मागणी ते. त्याचं उत्तर गेलं की त्याच ओळीत उजवीकडे जावक नंबर आणि काय उत्तर ते. लोक या कामाला हसत. हसोत. माझ्या वहीत खाडाखोड दाखवा म्हणावं.

साहेबांनी मला बाहेर पिटाळलं. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "काय भाऊ, कोनाच्या हुकमानं लिहून राह्यले हे?"

"कोनाच्याच नाई. बसा ना बाबूजी," तो सरकून म्हणाला. "मी मुंबईले कॉम्प्युटरवर काम करतो. डीबगर लिहून राह्यलो."

मी आजूबाजूला पाहिलं. बाकाखाली एक कुत्रं झोपलं होतं, बाकी काही नव्हतं. "कुठी हाये कॉम्प्युटर?"

"मुंबईले."

"मंग तुमी इथी कायले लिहून राह्यले?"

तेव्हा कळलं की हा आपल्या कापडवाल्या जैनांचा धाकटा. वडिलांना लकवा झाला, वाचा गेली, म्हणून बिनपगारी रजा घेऊन आलेला. मुंबईच्या एका संस्थेत त्याचं काम. तिथून पत्र होतं: हाती घेतलेलं काम दिवाळीपर्यंत पुरं करून द्या, नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस घेऊ. म्हणून तो चौकटींच्या कागदावर हातानं प्रोग्राम लिहायचा, टपालानं मुंबईला पाठवायचा, तिथला एक मित्र तो मशीनमध्ये घालायचा आणि मशीननं जे छापलं ते टपालानं परत. एका चुकीला दहा-बारा दिवस. मला हे ऐकूनच घाम फुटला.

"प्रोग्राम म्हंजे सांगतलेलं काम ओळीनं करनारा मानूस समजा," तो मला समजावायचा. "अन् डीबगर म्हंजे त्याच्या मांगं उभं राहून त्याची चूक पकडनारा. आता या मानसाले सोताच्या हातानं काहीच घेता येत नाई. फाईल पाह्यजे, कागदावर छापाचं हाये, तं आतल्या साहेबाकडं अर्ज करा लागते. त्या अर्जाले म्हनते सिस्टिम कॉल. तो अर्ज घेऊन आत गेला का दरवाजा बंद! आमचा डीबगर बाहेर आंधळा. मानूस आत अटकला का काय झालं, पत्ताच लागत नाई. म्हनून त्याले आता दारात बसवाचा हाये. कोन गेलं, काय मांगलं, काय घेऊन आलं. बस्स."

"अवं, हे तं मी अठरा वर्षांपासून करून राह्यलो!"

"म्हनूनच तं तुमच्या दारात येऊन बसलो," तो म्हणाला.

खरं सांगतो, मला यातलं चार आण्याचं कळलं नाही. पण आपल्या वहीला मुंबईच्या माणसानं मान दिला हे कळलं, आणि तेवढ्यावर मी विरघळलो. साहेबांना जाऊन सांगितलं, सीआयडी नाही, कापडवाल्यांचा पोरगा आहे, डोक्यावर थोडा परिणाम आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून धन्यकुमार माझ्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसू लागला.

"कोन गेलं, काय मांगलं, काय घेऊन आलं" हे त्याचं दिवसातून वीस वेळा. माझ्या घरी आला की बायको स्वयंपाकघरात कितीदा आत-बाहेर करते ते तो मोजायचा. ती वैतागायची, कारण कांदा-लसूण चालत नाही, बटाटा चालत नाही, अशा माणसाला द्यायचं काय हेच तिला उमगायचं नाही. आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम. पाच वाजून गेले की अर्धं वाक्य तोंडात ठेवून उठायचा, घराकडे चालता व्हायचा. उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऐकावं लागायचं, तेही सुरुवात विसरलेली असताना.

वडिलांपाशी मात्र मी त्याला वेगळा पाहिला. म्हातारा नुसता डोळे उघडे ठेवून पडलेला. घरातले मोठ्यानं बोलायचे, त्याला काय हवं याचा अंदाज बांधून दमायचे. धन्यकुमार उशाशी वही घेऊन बसायचा. डोळे खिडकीकडे गेले, खिडकी उघडली, शांत झाले. डोळे तांब्याकडे गेले, पाणी दिलं, तोंड फिरवलं. असं सगळं लिहून ठेवायचा. महिन्याभरात त्याला कळलं की तांब्याकडे पाहणं म्हणजे पाणी नव्हे, तर तांब्यामागच्या कोनाड्यातली जपमाळ. माळ हातात दिली तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. "त्यायच्या डोक्यात काय चाल्लं ते मले दिसत नाई बाबूजी," तो म्हणाला. "पन मांगते काय ते तं दिसते ना."

थोरले बंधू अण्णा भले माणूस, पण दुकानात एकटे पडले होते. एक दिवस त्यांनी मला रस्त्यात गाठलं. "बाबूजी, तुमचं ऐकते तो. मशीन मुंबईले, हा इथी, अन् मंधात टपालवाला! असं कधी काम होते काय? दिवाळीपर्यंत पाह्यतो मी. मंग त्यानं गादीवर बसाचं. बाबाजवळही कोनी पाह्यजे." मला त्यांचंही पटलं. माझं असंच व्हायचं, समोरच्याचं पटायचं. धन्यकुमारला निरोप सांगितला, तर तो नुसता पेन्सिलीला टोक करत राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, कापड फाडाचा आवाज आला का मले रडू येते. लहानपनापासून. कोनाले सांगू नका." त्या दिवशी मला कळलं की दिवाळी म्हणजे याच्यासाठी काय आहे.

दसरा झाला आणि मुंबईहून जाडजूड पुडकं आलं. कडेला भोकं असलेला लांबलचक कागद, टेबलावरून थेट जमिनीवर. डाव्या बाजूला मागणी, उजव्या बाजूला उत्तर, अगदी माझ्या वहीसारखं. पहिल्या दहा ओळी सरळ, आणि अकराव्या ओळीपासून सगळा गोंधळ. मागणीच्या जागी उत्तर, उत्तराच्या जागी मागणी, शेवटच्या ओळीपर्यंत. धन्यकुमार चार दिवस त्या कागदासमोर बसला. दाढी वाढली. दिवाळीला पंधरा दिवस उरलेले, म्हणजे टपालाची जेमतेम एक फेरी.

पाचव्या दिवशी दुपारी मीच चिडून म्हटलं, "मले वाचून तं दाखवा एकडाव. समजनार नाईच, पन ऐकतो."

त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "हा प्रोग्राम म्हनते, फाईल उघडा. उत्तर, उघडली. म्हनते, एक ओळ वाचा. उत्तर, वाचली." असं करत करत अकरावी ओळ आली. "आता म्हनते, माहं काम संपलं, मले मोकळं करा. त्याचं उत्तर..." तो थांबला. "इथून पुढं दुसरा प्रोग्राम चालू होते."

"याचं कायचं उत्तर?" मी म्हणालो. "हा तं गेला ना! हा दप्तरी दाखलचा कागद हाये!"

मी माझी वही त्याच्यापुढे सरकवली. गाव सोडून गेलेला माणूस कळवून जातो, की मी चाललो, यादीतून माझं नाव काढा. या कागदाला उत्तर कुठं पाठवणार? माणूसच नाही. अशा ओळीत उजवीकडे जागा कोरी ठेवायची नसते, लाल शाईनं 'दप्तरी दाखल' लिहून पुढच्या ओळीवर जायचं असतं. हे मी का शिकलो तेही त्याला सांगितलं. मागे मी रजेवर असताना बदली आलेल्या एका शहाण्यानं अशी एक जागा कोरी ठेवली. पुढचं उत्तर त्या रिकाम्या जागेत बसलं आणि मग प्रत्येक उत्तर एकेक ओळ वर सरकलं. एका बिचाऱ्यानं बापाच्या मृत्यूचा दाखला मागितला होता. त्याला उत्तर गेलं, "पाण्याचा साठा अपुरा असल्यानं आपली मागणी तूर्त मान्य करता येत नाही." तो कचेरीत येऊन विचारत होता, म्हणजे बाप गेला की नाही गेला?

धन्यकुमार हसला नाही. वही उराशी धरून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. "माहा डीबगर त्या गेलेल्याच्या उत्तराची वाट पाहून राह्यला," तो म्हणाला. "अन् जो नवीन आत चालला, त्यालेच परतून आलेला समजते! बाबूजी, जो येनारच नाई त्याची वाट पाह्यली का पुढचे सबन चुकते." त्या संध्याकाळी सूर्य मावळला तरी तो लिहीतच होता. उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कारंज्याला जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं रजिस्टर पोस्ट केलं.

वसुबारसेला उत्तर आलं. लांब कागद, सगळ्या ओळी सरळ. अकराव्या ओळीत उजवीकडे इंग्रजीत दोनच अक्षरं होती, डी डी. "हे काय?" मी विचारलं. "दप्तरी दाखल," तो म्हणाला आणि माझ्या पायाला हात लावला. मी ओरडलो, वय काय माझं, पाया कसले पडता! सोबत पत्र होतं: लगेच रुजू व्हा. संध्याकाळी अण्णांनीच बॅग आणून दिली. वडिलांच्या उशाशी बसून धन्यकुमारनं तीनदा विचारलं, "जाऊ?" तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं डोळे मिटले, उघडले, आणि दाराकडे पाहिलं. कारंज्याला नेऊन मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेगाडीत मी त्याला बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, "येतो बाबूजी."

पुढच्या वर्षी वडील वारले, तेव्हा तो येऊन गेला. नंतर अण्णांनी दुकान अकोल्याला हलवलं. मग आमचं उरलं ते टपाल. दर महिन्याला माझं कार्ड, दर महिन्याला त्याचं. एकोणऐंशी साली मात्र माझ्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही. मी भयंकर चिडलो. तिसरं पत्र कार्डावर न लिहिता पाकिटात घातलं; त्यात लिहिलं, की मुंबईला गेलेली माणसं अशीच, आमची वही कशाला आठवेल तुम्हाला आता.

त्यानंतर महिन्यानं एक पाकीट आलं, अक्षर अनोळखी. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचं. चार महिन्यांच्या काविळीनंतर धन्यकुमार गेले, असं तिनं लिहिलं होतं. पुढे तिचेच शब्द: त्यांचा डीबगर आता माझ्याकडे आला आहे. त्यात 'डी डी' अशी खूण आहे, तिचा अर्थ इथे कुणालाच माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, आमच्या बाबूजींना विचार. तुमची तीन पत्रं त्यांच्या टेबलावर मिळाली, त्यावरून पत्ता घेतला. शेवटचं फोडलेलं नव्हतं, ते तसंच परत पाठवते आहे.

फोडलेलं नव्हतं. देवा, एवढं तरी बरं केलंस. मी कचेरीतच रडलो, साहेबांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या मुलीला मी उलट टपाली उत्तर लिहिलं. डी डी म्हणजे दप्तरी दाखल. ज्याचं उत्तर यायचं नाही, त्याची वाट पाहू नये, खूण करून पुढच्या ओळीवर जावं. नियम म्हणून अगदी बरोबर लिहिलं. घरच्या टपालाचीही मी तशीच वही ठेवायचो, मग ती उघडली. त्या तीन पत्रांच्या ओळी उजवीकडे कोऱ्या होत्या. लाल शाईची दौत काढली, टाक बुडवला, आणि तसाच पुसून ठेवला. उभ्या आयुष्यात माझ्या हातून वहीत एक जागा कोरी राहिली नव्हती. त्या तीन अजून कोऱ्या आहेत. त्यापायी पुढचं काही चुकत गेलं असेल, तर चुको.