कागदाएवढी फट

हिंदमाता मागे पडलं तेव्हा मंजुळाची चप्पल चावायला लागली होती. पण ती बोलली नाही. नवऱ्याशी बोलायचं तर दोन पावलं पुढे जाऊन, मान वळवून, आपले ओठ त्याला दिसतील असं बोलावं लागे. कुशाबाची वीस वर्षं मिलच्या साचेखात्यात गेली होती. शेकडो मागांच्या खडखडाटात कान बसले. तिथे सगळेच ओठांवरून बोलणं ओळखत, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. संपात मिल बंद पडली आणि बाहेर काम शोधताना मात्र ही गोष्ट लपवावी लागली.

दादर टी.टी.ला तिने अखेर वळून विचारलं, "बसने जाऊ या का?"

"तू जा. मी येतो चालत."

"म्हणे येतो चालत! पायी यायचा नवस बोललात की काय?"

एरवी तो हसला असता. लालबागहून शीव कोळीवाड्यापर्यंत पायीच जायचं, हे त्याने ठरवलं होतं. तिथे जगनचं घर होतं.

संपाच्या दुसऱ्या वर्षी कुशाबा भायखळ्याला राजाराम मिस्त्रींच्या गॅरेजात लागला. जगन तिथला टॅपेटचा कारागीर. वयाने दहा-बारा वर्षांनी लहान, पण कुशाबाच्या हातात पाना दिला तो त्यानेच. टॅपेटचं काम म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये कागदाएवढी फट ठेवायची. त्यात फिलरची पातळ पट्टी घालायची, ती किंचित अडत सरकली की नट आवळायचा. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक करतं. फटच ठेवली नाही तर आवाज बंद होतो खरा, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो.

"दादा, थोडं वाजू दे," जगन म्हणायचा. "नव्या सुनेसारखी मुकी नको करू गाडीला."

एके दिवशी गिरगावातल्या एका डॉक्टरांची, लोक डुक्कर म्हणत ती गोलमटोल फियाट आली. जुनी, पण अंगावर ओरखडा नाही. काम जगनचं होतं. त्याने ते शिकण्यासाठी म्हणून कुशाबाला दिलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीखाली शिरला. कुशाबाने फिलर घालून सगळं नीट केलं, इंजिन चालू केलं. डॉक्टर म्हणाले, "अजून वाजतंय."

कुशाबाला काहीच ऐकू येत नव्हतं. ते कबूल केलं की गॅरेज सुटलं, असं त्याच्या मनाने घेतलं. मग साच्यावरची सवय कामी आली. माग बिघडला की तो बोट टेकवून ठोका ओळखायचा. इथेही तो इंजिनवर बोट टेकवायचा, बंद करून फटीचा स्क्रू आणखी आवळायचा, पुन्हा चालू करायचा. बोटाला लागणारा शेवटचा ठोका जाईपर्यंत त्याने आवळलं. डॉक्टर खूश होऊन गेले.

महिन्याभराने तीच गाडी खंडाळ्याच्या घाटात बसली. दोन व्हॉल्व्ह जळले होते. राजाराम मिस्त्रींनी जगनला सगळ्यांसमोर उभं केलं. "कुणी शिकवलं रे तुला असं आवळायला?"

जगनने एकदा कुशाबाकडे पाहिलं. कुशाबा फडक्याने पाना पुसत राहिला. जगनने हात धुतले आणि तो गॅरेज सोडून गेला.

त्या संध्याकाळी कुशाबाने घरी सगळं सांगितलं. उद्या जाऊन मिस्त्रींना सांगतो म्हणाला. आणि मंजुळा काय म्हणाली? "गप्प राहा. त्याच्या आईची मासळीची टोपली तरी आहे. आपल्याला कोण आहे?" तिचेच शब्द. तीन वर्षं झाली. देवापुढे दिवा ती रोज लावायची, पण वर बघायची नाही.

कुशाबाचं पुढे नाव झालं. कान नाही, बोट नाही, फक्त फिलर, असा त्याने नेमच केला. लोक त्यालाच विचारत यायचे. गेल्या आठवड्यात भायखळ्याच्या बाजारात जगनची आई जाईबाई भेटली. "माझ्या जगनने पाना धरला नाय गं परत," ती म्हणाली. "टोपल्या उचलतो माझ्या. कुणी विचारलं तर म्हणतो, मला काम येत नाय." तिला खरं ठाऊक नव्हतं. तिने मंजुळाच्या पिशवीत चार बोंबील जास्तीचे टाकले.

मंजुळाने घरी येऊन कुशाबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. बोंबील त्या दिवशी ताटात तसेच राहिले.

किंग्ज सर्कल गेलं, शीव आलं. कोळीवाड्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाळी वाळत पडली होती. पलीकडे ओट्यावर जगन पाठमोरा बसून सुतळी वळत होता. कुशाबा थांबला. मंजुळा त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "गप्प राहा म्हणणारी मी होते, हेही मी सांगणार."

"ते तुझं तू सांग. माझं एक ऐक." त्याने कपाळाचा घाम पुसला. "माझं सांगून झालं की तो तोंड फिरवेल. तोंड फिरवून काय बोलला, ते मला कळायचं नाही. तू ऐकून घे, मंजुळे. आणि घरी जाताना मला सगळं सांग. आईवरून शिवी दिली तरी सांग. माझ्यासाठी एक शब्द गाळू नकोस."