धुरपदाबाईंना पहिलीचं सारं येतं

गुजरातेत डिंडोलीला आमच्या गुजराती शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या धुरपदाबाई तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. जन्मात शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. चढल्या त्या थेट खिचडी शिजवायला. मी त्यांच्या हाताखाली भाजी चिरते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

पहिलीतल्या धनश्रीने दिवाळी उलटली तरी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी सगळी अहिराणी आणि वर्गात सगळं गुजराती. तिच्या बाई, हेतलबेन, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण थकल्या होत्या. एका सकाळी त्यांनी धनश्रीच्या आईला, उज्ज्वलाला बोलावून घेतलं.

"इस को कुछ समझता नहीं. वापस बालवाडी में बिठाते हैं."

उज्ज्वला तिथेच रडायला लागली. हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून कानावर पडलं आणि धुरपदाबाईंचं डोकं फिरलं. खिचडी गॅसवर तशीच सोडून, हातातल्या झाऱ्यासकट त्या तरातरा वर्गात शिरल्या, मागोमाग मी.

"ह्या पोरले कळत नही? मंग माले कोनी शिकाडं?"

आणि सुरूच झाल्या. झाडाला मूळ कशाला, इंद्रधनुष्यात रंग कोणते, आणि सोमवारची गोष्टसुद्धा: "हत्ती झोकावर बसना, झोका तुटना, उंदीर हासना!" बेनने गुजरातीत शिकवलेलं सारं धनश्री रोज जेवणाच्या सुट्टीत ओट्याशी बसून त्यांना अहिराणीत सांगत असे. मला मेलीला वाटायचं, पोरगी नुसती बडबडते.

हेतलबेन आधी चिडल्या, मग आपणच शिकवलेली गोष्ट ओळखून धनश्रीकडे बघू लागल्या. मग धुरपदाबाईंनाच विचारलं, "आपकी बोली में नाम कैसे पूछते हैं?" आणि धनश्रीपुढे खाली बसून अडखळत म्हणाल्या, "तुनं... नाव... काय शे?"

बेन चाचरतात हे पाहून अख्खा वर्ग खिदळला. धनश्रीही हसली. मग तिने मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मारुं नाम धनश्री छे, बेन!"

बेनने तिला जवळच ओढलं. बालवाडीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला इतका आनंद झाला की मी झाऱ्यासकट धुरपदाबाईंना मिठी मारली. तेवढ्यात जळका वास आला.

त्या दिवशी सगळ्या शाळेने करपलेली खिचडी खाल्ली. धनश्रीने दोनदा मागून घेतली, दुसऱ्यांदा गुजरातीत.