कुंदनच्या शेजारी धावणारी

अकॅडमीच्या पत्र्याच्या ऑफिसात रोहिणीपुढे मनालीचा कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला पडला होता. तो कपाटात ठेवायचा की परत द्यायचा, हे गांगुर्डे सर बाहेरचा फोन संपवून आत येण्याआधी ठरवायचं होतं.

म्हसरूळच्या मैदानालगत सरांची पोलीस भरतीची अकॅडमी. पोरं मध्येच पळून जाऊ नयेत म्हणून ते मूळ कागद वर्षभर ठेवून घेत. सायखेड्याच्या मनालीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि तिथेही आज पाचच्या आत हाच दाखला जमा करायचा होता. दाखला एकच.

"तिकडं नाय जायचं मला," मनाली म्हणाली. "कुंदनदादाचं पत्रक वाचलं ना ताई, तवाच ठरलं. घरी भिंतीला चिकटवलंय. लय भारी लिहिलंय कुणीतरी."

ते रोहिणीनंच लिहिलं होतं. विंचूरच्या कांदा मार्केटातल्या मापाड्याची ही लेक वर्दीसाठी नाशिकला आली. निबंध बरा लिहायची, म्हणून सरांनी तिची फी माफ करून पत्रकांचं काम तिच्या गळ्यात घातलं. पत्रकात होतं: हरसूलचा कुंदन पाच वर्षं डोंगर-पाऊस न बघता धावला आणि आज पोलीस आहे. तुम्ही थांबू नका, यश तुमच्यासाठी थांबलंय. हे वाक्य जमलं तेव्हा ती स्वतःवर खूश झाली होती.

बाहेर सरांचा आवाज चढला. फोन संपत आला असावा.

"कुंदन धावायचा तेव्हा त्याच्या शेजारी कोण असायचं, माहितीये?" रोहिणीनं विचारलं.

"कोण?"

"मी. तीच पाच वर्षं, तेच मैदान. अंगात ताप असला तर कुंदन झोपून राहायचा, मी नाही राहिले."

मनाली हसली. "मग तुमचं पत्रक कधी येतंय?"

"माझं येत नसतं. कधी गोळाफेकीत बाद झाले, कधी लेखीला. जो लागला त्याचा सराव मी लिहिला. तेवढाच सराव करून राहिलेल्यांना पत्रकात घेतलंच नाही. घेतलं असतं, तर तू आली असतीस का?"

मनालीचा चेहरा ताठ झाला. "म्हंजे तुमचं झालं नाय, म्हणून मी पण करू नको?"

ते रोहिणीच्या वर्मी लागलं. "सराव कर. त्याच्याशिवाय कुंदनही लागला नसता. पण केला की लागतोच, हे खोटं आहे. आणि ते मी लिहिलंय."

"मग तुम्ही कशाला धावता अजून?"

"मला दुसरीकडे कुठे नंबर लागलेला नाही. पुढची भरती शेवटची, मग वय संपतं. तुला दुसरी जागा आहे."

बाहेरच्या खडीवर बूट वाजले. रोहिणीनं दाखला टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला. मनालीनं त्याला हात लावला नाही.

"काय गं, कपाटाची चावी गिळली का?" सर दारातून म्हणाले. "जमा झाले का कागद?"

मनाली दाखल्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "सर, संध्याकाळची बॅच असती का?"

"असते. टाइमपास करणाऱ्यांची."

"मला त्यातच घ्या. दिवसा नर्सिंगला जाते, कागदांच्या झेरॉक्स देते." तिनं दाखला उचलून पिशवीत घातला.

सरांनी रोहिणीकडे रोखून पाहिलं. "काय शिकवलंस हिला?"

"पत्रकात राहिलं होतं ते."

"असं होय. मग पुढचं पत्रक बॅचमधली वेदिका लिहील. आणि या महिन्यापासून तुझी फी तू भर."

रोहिणीनं मान हलवली. फी कुठून आणायची, ते तिला माहीत नव्हतं.

निमाणी स्टँडची बस नाक्यावर आली होती. मनाली पिशवी काखेत मारून मैदान तिरकं कापत सुटली. धावताना एक हात पार खांद्यापर्यंत वर जात होता. रोहिणी दारात आली आणि सरांदेखत मोठ्यानं म्हणाली, "कोपर खाली घे गं, दम टिकतो."

मनालीनं मागे न बघता कोपर खाली घेतलं.