त्सुकुबात मायांची रद्दी

टोकियोहून त्सुकुबाची बस सुटली आणि ह्यांनी पहिला शेरा मारला, "रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. माणसं राहतात ना इथं?"

राहत होती. त्यांतच आमची लेक मेधा होती, पुरातत्त्वात पीएच.डी. करणारी. तिचं घर म्हणजे दीड खोली, आणि त्यातली अर्धी मायांनी अडवलेली. तिचे प्राध्यापक ग्वातेमालाच्या जंगलात माया लोकांचं जुनं नगर वर्षानुवर्षं खणत होते. त्या उत्खननाच्या नोंदी, नकाशे, खापरांचे फोटो लावायचं काम मेधाकडे होतं. सगळे मूळ कागद, दुसरी प्रत नाही, आणि तिचा प्रबंध त्यांवरच उभा. जेवताना तिनं हे समजावून सांगितलं. जेवायला भात, मिसोशिरू (आंबवलेल्या सोयाबीनचं सार) आणि मी नेलेली शेंगदाण्याची चटणी होती. ह्यांचं लक्ष चटणीकडे होतं.

सकाळी मेधा विद्यापीठात गेली, मी आंघोळीला. खाली शेजारी जुनी वर्तमानपत्रं बांधून कोपऱ्यात ठेवत होते. ह्यांना कोण आनंद! रद्दी बांधण्यात आमच्या सोसायटीत ह्यांचा हात धरणारं कोणी नाही. दाराशी पिवळ्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले गठ्ठे होतेच. ते सुतळीनं आवळून हे खाली ठेवून आले आणि चहा मागितला.

"पोरीची रद्दी टाकून आलो. तिला कुठला वेळ!"

मी दाराशी पाहिलं, मायांचे गठ्ठे गायब! ओल्या केसांनी मी जिना उतरले, मागून हे. रद्दीची गाडी नुकतीच वळणाआड जात होती. कोपऱ्यात फक्त आमचे गठ्ठे उरले होते, प्रत्येकावर लाल चिठ्ठी. शेजारी एक आजीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

त्यांनी एका गठ्ठ्याचं टोक उचकटून आतली टाचणी दाखवली, मग फोटो. "दामे!" (चालणार नाही!)

कागदात टाचण्या नि फोटो मिसळले म्हणून गाडीवाल्यांनी आमची रद्दी नाकारली होती. हे कमरेत वाकून आभाराचे नमस्कार करू लागले. आजींना वाटलं, माफी मागताहेत. त्यांनी व्याख्यान पहिल्यापासून सुरू केलं.

संध्याकाळी हे ऐकून मेधा पांढरी पडली. एकेक गठ्ठा सोडून तिनं पाहिला आणि मग ढसाढसा रडली. "बाबा, तुम्हाला धड कचरासुद्धा टाकता येत नाही, म्हणून मी वाचले!"

दुसऱ्या दिवशी ती मिठाई घेऊन आजींकडे गेली. आजींनी मिठाई घेतली आणि बजावलं, "तुमचे दुधाचे खोकेही नीट धुतलेले नसतात. आणि गेल्या आठवड्यात भाजीची सालं दिसली नाहीत. आजारी होतात का?"

परतताना विमानात मी निवांत झोपले. परक्या देशात लेक एकटी, या धास्तीनं वर्षभर मला झोप नव्हती. पण जिथं शेजारीण कचऱ्यावरून तब्येत ओळखते, तिथं तिला एकटी कशी म्हणायची?