जवाईबुवांची दाढी

आमचे जवाई जहाजावर इंजिनीअर. मागच्या महिन्यात सासुरवाडीला आले आणि सहज बोलून गेले, की पुढचं जहाज अमोनियावर चालणारं आहे. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हिंगणघाटच्या बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षं मी याच गॅससोबत काढली. तो नाकातोंडात गेला की डोळे उघडत नाहीत, समोरचं दार सापडत नाही.

"काऊन घाबरता मामाजी? ट्रेनिंग झालं ना माझं," म्हणत त्यांनी मोबाईलवर सर्टिफिकेट दाखवलं. दोन दिवस एसी हॉलमध्ये व्हिडिओ पाहिले, मास्क हातोहात फिरवला, ग्रुप फोटो काढला, झालं ट्रेनिंग!

"तोंडावर चढवला का नाई?"

"एकच होता जी. सगळ्यायले कुठून पुरते?"

छी! शिसारीच आली मला. आमच्या कारखान्यात नवा हमालसुद्धा मास्क चढवून दाखवल्याशिवाय मशीनखोलीत पाय ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्यात नेलं. चांगली चार बोटं दाढी वाढलेली. माझ्या लेकीला सातवा महिना. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं वस्तरा लावू नये, असं आमच्यात पाळतात, आणि त्यात माझ्या बायकोचाच आग्रह जास्त. मी त्यांना मास्क चढवला, पट्टे आवळले. मशीनखोलीत अमोनियाचा बारीक वास कायम असतो. मास्क नीट बसला तर तो येत नाही.

दोन पावलं टाकून ते थांबले. "मामाजी, वास येऊन राह्यला."

येणारच होता. दाढीच्या केसांमधून हवा आत शिरत होती.

दाढी काढावी लागेल असं घरी सांगितलं तर बायको भडकली. "लेक बाळंत व्हाची हाये, अन् तुमाले वस्तरा सुचून राह्यला?"

लेकीनं नवऱ्याचा मोबाईल घेतला, ट्रेनिंगचा ग्रुप फोटो मोठा केला. जवाईबुवांच्या हातात मास्क, तोंडभर दाढी आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसणारे शिकवणारे साहेब.

"बाबा, त्या साहेबाले यायची दाढी दिसली नसन का?"

"दिसली असन ना, माय." थुंकावंसं वाटत होतं मला त्या हसण्यावर.

ती जड अंगानं उठली, गरम पाणी आणलं आणि आईच्या देखत वस्तरा नवऱ्याच्या हातात दिला. बायको देवघरात जाऊन बसली.

फोटोत आणखी चार दाढीवाले होते. गालावरचा फेस पुसत जवाईबुवांनी चौघांनाही फोन लावला. दोघांनी उचलला. बाकीचे दोघं जहाजावर चढले होते.