साडेतीनला पोचायचं होतं

सायकलची कल्पना ताईची. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा किती हे ठरवताना निदान एवढं तरी माझ्या बाजूने धरता येईल.

तेव्हा मी लंडनजवळ स्लाऊला राहायचो. पुण्याच्या कंपनीने कामावर पाठवलं त्याला तीन वर्षं होत आली होती. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत ती पंधरा दिवस माझ्याकडे आली. मी म्हटलं, वेल्समध्ये कार्डिफला जाऊ, बसने शहर बघू.

"बसने पेन्शनर फिरतात," ती म्हणाली. "पाठीला सॅक लावायची, भाड्याने सायकल घ्यायची, हॉस्टेलला राहायचं. परदेशात असंच फिरतात ना?"

कार्डिफ मी उगीच निवडलं नव्हतं. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या वेल्श मुलीशी माझं दोन वर्षांपासून जमलं होतं. घरी यातलं अक्षरही मी बोललो नव्हतो. आईला हे कधीच चालणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात ताईने हो म्हटलं की काम झालं, म्हणजे आधी ताईला पटवायला हवं, आणि ताईसमोर तर माझं तोंडच उघडत नव्हतं. त्या मुलीची सहनशक्ती संपली होती. गेल्या खेपेला ती आवाज न चढवता म्हणाली, "तुझी बहीण येते आहे. या वेळीही मला भेटवलं नाहीस तर पुन्हा इथे येऊ नकोस." ती उगीच बोलणाऱ्यातली नाही.

म्हणून शनिवारी दुपारी साडेतीनला, समुद्राजवळ, बे भागातल्या एका कॅफेत भेटायचं ठरलं. पाचला तिची ड्युटी, म्हणजे ती साडेचारपर्यंत थांबणार. फिरत फिरत तिथे जायचं, "अरे, तू इथे!" असं म्हणायचं, चहा प्यायचा, आणि ताईला मुलगी आवडली की मग हळूच बाकीचं, असा माझा बेत होता. भित्र्या माणसाचे बेत असेच असतात.

साडेबाराला स्टेशनजवळच्या दुकानातून सायकली घेतल्या. ताईच्या पाठीवर किल्ल्यांवर नेतात तसली भलीमोठी सॅक. एका रात्रीच्या मुक्कामाला!

"हॉस्टेलवर ठेव ना ती," मी म्हटलं.

"राहू दे."

"मग मला दे. त्यात काय सोनं आहे का?"

"आहे समज," ताई म्हणाली आणि टांग मारून निघालीसुद्धा.

सायकल ती उत्तम चालवते, जन्म पुण्यात गेलाय. पण पुण्यातच गेलाय. नदीकाठच्या शांत रस्त्यावर कुत्र्याला फिरवणारी म्हातारी दिसली की शंभर फुटांवरून ताईची घंटी सुरू. म्हातारी दचकून बाजूला व्हायची आणि वर स्वतःच सॉरी म्हणायची. ताई मान डोलवून तिला माफ करायची. मी मागून सगळ्यांची माफी मागत चाललो होतो.

तेही चाललं असतं. पण बाई थांबायला लागली. आधी मंडईत शिरली, "दोन मिनिटं" म्हणून, आणि मी दोन सायकली धरून पाऊण तास बाहेर उभा. बाहेर आली ती हात हलवत. मग एक भाजीवाला दिसला, तिथे थांबली. मग कोपऱ्यावरचं दुकान. तिथून खोबऱ्याच्या किसाचं पाकीट हातात घेऊन दारापर्यंत आली, त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं आणि परत ठेवून आली.

"तुला हवंय काय?" मी विचारलं.

"काही नाही. बघतेय इथे काय काय मिळतं ते."

"ताई, भाजी स्लाऊलाही मिळते. आपण शहर बघायला आलोय."

"मग बघतेच आहे की."

अडीच वाजले. घाई कशाची हे सांगता येत नव्हतं आणि घाई तर करायची होती. "कॅफे बंद होतो," मी म्हटलं. शनिवारी दुपारी कुठला कॅफे बंद होतो? पण तिने विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण ताई न विचारता काही सोडत नाही.

तीनच्या सुमाराला नदीकाठच्या मैदानात एक जत्रा लागली होती. एका स्टॉलवर उंच खुंट्यांवर नारळ मांडून ठेवले होते. लांबून लाकडी चेंडू मारायचे, नारळ पडला तर तुमचा. इंग्रज लोकांना नारळाचा याहून दुसरा उपयोग माहीत नाही. ताईने करकचून ब्रेक दाबला.

"ताई, नाही हं!"

सायकल गवतात टाकून ती स्टॉलवर पोचली होती. स्टॉलवाल्याला आधी म्हणाली, "आय वॉन्ट टू बाय वन." तो हसून म्हणाला, "सॉरी लव्ह, पाडावा लागेल." मग तिने सॅक न उतरवता, पंजाबी ड्रेसच्या बाह्या सरसावून चेंडू मारायला सुरुवात केली. पहिले तीन गेले मागच्या कापडावर. तिने आणखी तीन घेतले. एक नारळाला लागला, नारळ नुसता डुगडुगला. तिने आणखी तीन घेतले. घड्याळात सव्वातीन.

माझा तोल गेला. भर जत्रेत मी मराठीत ओरडलो, "अगं, लहान आहेस का तू? चाळिशी आली, नारळ कसले पाडतेस! तिकडे साडेतीनला एक मुलगी माझी वाट बघतेय, आज तुला भेटवलं नाही तर ती मला सोडून देणार आहे, आणि तुझे इथे खेळ चाललेत!"

दोन वर्षं अडकलेलं वाक्य असं बाहेर पडलं.

ताईने चेंडू मारायचा हात खाली घेतला. "मी खेळतेय?" ती म्हणाली. "पोरीची ओटी काय मोकळ्या हाताने भरू?"

मुलगी पसंत पडली की मुलाकडच्या बायका तिची ओटी भरतात, तिच्या पदरात तांदूळ, खण आणि नारळ घालतात. म्हणजे साडेबारापासून ही कार्डिफभर नारळ शोधत होती.

"तुला माहीत होतं?"

"दर शनिवारी फोन केला की तुझ्यामागे स्टेशनवरची अनाउन्समेंट. एकदा इंग्रजीत आणि एकदा दुसऱ्याच कुठल्या भाषेत. भूगोल शिकवते मी, वेल्स कुठे आहे ते कळतं मला. आणि एकदा मागून कोणीतरी बाई 'चहा घेणार का' म्हणाली, असल्या उच्चारात की हसू आवरेना. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

"मग बोलली का नाहीस? आणि नारळच हवा होता तर स्लाऊला माझ्या घराखालच्या दुकानात दारातच पोतं असतं!"

"तिथे घेतला असता तर कशाला म्हणून विचारलं असतंस. मग मलाच सांगावं लागलं असतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं रे. ट्रेनमध्ये दोन तास तुझ्या तोंडाकडे बघत बसले, तर तू मला मेंढ्या दाखवत होतास."

मी तिच्या हातातले चेंडू घेतले. शाळेत मी बॉलर होतो. तिन्ही चुकले. मग ताईनेच चौथ्या फेरीत पाडला एकदाचा, आणि स्टॉलवाल्याने टाळ्या वाजवल्या. पावणेचार. मी मेसेज टाकला, "येतोय, थांब", नारळ सॅकमध्ये कोंबला आणि जीव खाऊन पेडल मारायला लागलो. ताई मागून ओरडत होती. म्हटलं ओरडू दे, आज पुरे झालं तिचं ऐकून. वीस मिनिटांनी सिग्नलला तिने मला गाठलं.

"नदी कुठे वाहतेय ते बघ जरा," ती धापा टाकत म्हणाली. "समुद्र तिकडे असणार ना? आपण उलटे चाललोय."

कॅफेत पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. खिडकीपाशी एक रिकामं टेबल, त्यावर एकच कप. तिचा फोन बंद. मी तिथल्या खुर्चीवर बसलो, आणि खरं सांगतो, रडायला आलं. झालं ते माझ्यामुळे झालं होतं. ताईच्या थांबण्यामुळे नाही, माझ्या गप्प बसण्यामुळे.

"हॉस्पिटल कुठे आहे?" ताईने विचारलं.

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चढ आहे."

"मग बसलास काय?"

हॉस्पिटलच्या गेटशी पोचायला सहा वाजले. मी पुन्हा मेसेज केला, "गेटपाशी आहे. ताईबरोबर." साडेसहाला, ब्रेक मिळाल्यावर, ती युनिफॉर्ममध्येच बाहेर आली. आधी माझ्याकडे बघितलं, ते बघणं काही बरं नव्हतं. मग घामाघूम झालेल्या, केस विस्कटलेल्या ताईकडे.

ताईने सॅक उघडली. कपड्यांच्या खालून तांदळाची पिशवी, हळदकुंकवाच्या पुड्या आणि एक हिरवा खण निघाला. डांबरगोळ्यांचा वास आला. "पदर कुठाय हिला?" ताई मला म्हणाली. मी काय ते सांगितल्यावर मुलीने खिशातून घडी केलेला नवा प्लॅस्टिकचा एप्रन काढून बांधला आणि त्याची दोन टोकं धरून उभी राहिली. येणारेजाणारे थांबून बघत होते. ताईने तिला कुंकू लावलं आणि एप्रनमध्ये तांदूळ, खण आणि जत्रेतला नारळ घातला.

"हा खण आईने घेतलाय. सांग तिला," ताई म्हणाली. "गेल्या दिवाळीत घेऊन ठेवला. तेव्हापासून रोज विचारते, त्याने सांगितलं का, त्याने सांगितलं का."

मी सांगितलं. मुलीने एका हाताने एप्रन सावरत खणावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "दिवाळीपासून तुझी आई माझी वाट बघतेय. आणि तू मला सांगत होतास, ती मला कधीच घरात घेणार नाही."